बाहेर गेलेली प्रत आणि टेबलावरची प्रत

पत्र

माझी पहिली कादंबरी इंग्रजीत लिहून झाली आहे, १,०८,००० शब्दांची. हरवलेल्या भावाचा, रवीचा, माग काढणाऱ्या ताराची ही गोष्ट. गेल्या चार महिन्यांत तिची सुरुवातीची पानं १४ साहित्यिक एजंटांना, म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशक गाठणाऱ्यांना, पाठवली. आठ जणांचे साचेबद्ध नकार आले, तिघांकडून काहीच कळलं नाही. उरलेल्या तिघांनी पूर्ण हस्तलिखित मागवलं. त्यांपैकी एकीने नकार दिला, पण सविस्तर लिहून: भाषा आवडली, मात्र साधारण १२०व्या पानानंतर नायिका नुसती वाट पाहत राहते आणि ताण सुटतो. मधल्या भागात ताराला आईच्या कपाटात एक पत्र सापडतं, मग तिला रवीचा जुना मित्र भेटतो, त्याच्याकडून तिला रवीच्या कर्जाबद्दल कळतं, असा प्रवास आहे. तो नकार आल्यापासून मी रोज फेरफार करते आहे. पहिलं प्रकरण सहाव्यांदा लिहून झालं. इतर दोघांकडे जुनीच प्रत आहे. त्यांना नवी पाठवू का? नव्या एजंटांना पाठवणं थांबवू का? मन थाऱ्यावर नाही.

उत्तर

आधी तीन उत्तरं, मग कारणं. त्या दोघांना आज काहीही पाठवू नका. नव्या एजंटांना पाठवणं आजपासून थांबवा, निदान दोन-अडीच महिने. आणि पहिल्या प्रकरणाला हात लावू नका.

तिसऱ्यापासून सुरुवात करू, कारण तुमची सगळ्यात जास्त मेहनत तिथे चालली आहे. १४ जणांपैकी तिघांनी पूर्ण हस्तलिखित मागवलं. त्यांनी ते कशावरून मागवलं? तुमचं क्वेरी लेटर (एजंटाला पुस्तकाची ओळख करून देणारं पत्र), कथासार आणि सुरुवातीची पाच-दहा पानं, फार तर पहिली तीन प्रकरणं यांच्यावरून. म्हणजे पत्र आणि सुरुवात आपलं काम करताहेत. नकार आला तो पूर्ण कादंबरी वाचल्यावर, आणि त्यातही जागा नेमकी सांगितली आहे. दुखणं १२०व्या पानावर आणि लेप पहिल्या पानावर, असं तुमचं चाललं आहे. हे बहुतेकांचं होतं. पहिलं प्रकरण हाताशी असतं, ते दोन दिवसांत पुन्हा लिहून होतं आणि काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. मधली दोनशे पानं उलगडायची म्हणजे पोटात गोळा येतो.

आलेल्या उत्तरांचं वाचनही शिस्तीने करा. ‘माझ्या यादीत बसत नाही’, ‘मनाची पकड घेतली नाही’, ‘हा व्यवसाय व्यक्तिगत आवडीनिवडीचा आहे’ ही वाक्यं शेकडो लेखकांना जशीच्या तशी जातात. त्यांच्यात अर्थ शोधू नका. ढोबळ हिशेब असा: दहा-पंधरा ठिकाणी पाठवूनही कुणी काहीच मागवलं नाही, तर क्वेरी लेटर, कथाकल्पना किंवा पहिली पानं तपासायची. थोडी पानं मागवून पुढे नकार येत असेल, तर पहिली पन्नास पानं. पूर्ण कादंबरी वाचून नकार येत असेल, तर मधला भाग किंवा शेवट. तुम्ही या तिसऱ्या गटात आहात, आणि तिथवर पोचणं सोपं नाही.

तरीही एका एजंटाचं मत म्हणजे एका वाचकाचं मत. पुनर्लेखनाला बसण्याआधी ते पडताळून पाहा. ज्यांनी कादंबरीचा एकही खर्डा वाचलेला नाही असे दोन वाचक गाठा. एजंटाने काय म्हटलं ते त्यांना सांगू नका. एवढंच सांगा: ‘वाचताना जिथे जिथे पुस्तक खाली ठेवावंसं वाटलं, तिथे समासात रेघ मारा.’ कारण विचारू नका, उपाय तर मुळीच विचारू नका. कुठे कंटाळा आला हे वाचक अचूक सांगतो. का आला आणि काय करावं याबद्दलचे त्याचे अंदाज बरेचदा चुकतात. दोघांच्या रेघा ११० ते १५० पानांच्या आसपास पडल्या, तर शंकेला जागा उरत नाही. मला तुमच्या पत्रावरूनच वाटतं की त्या तिथेच पडतील.

का वाटतं ते सांगते. तुमचंच वाक्य पुन्हा वाचा: ताराला पत्र ‘सापडतं’, तिला मित्र ‘भेटतो’, तिला ‘कळतं’. तिन्ही ठिकाणी ‘ताराला’ किंवा ‘तिला’. ‘ताराने’ एकदाही नाही. तिने फोडलं, गाठलं, काढून घेतलं, असं काही नाही. गोष्ट तिच्यापाशी चालत येते आहे. कादंबरी इंग्रजीत असली तरी ही कसोटी मराठीत फार चांगली लागते. प्रत्येक प्रसंग भूतकाळातल्या एका मराठी वाक्यात लिहायचा आणि नायिकेच्या नावाला ‘ला’ लागतो की ‘ने’, एवढंच पाहायचं.

आता कामाची पद्धत. सर्वांत आधी, बाहेर गेलेली प्रत गोठवा. जी फाइल त्या दोन एजंटांकडे आहे तिची नक्कल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, नावात आवृत्ती आणि तारीख घाला, आणि ती फक्त वाचण्यापुरती उघडेल अशी करा. पुनर्लेखन दुसऱ्या फाइलमध्ये. सोबत एक तक्ता ठेवा: एजंट, एजन्सी, पाठवल्याची तारीख, क्वेरी लेटरची कोणती आवृत्ती, पानांची कोणती आवृत्ती, उत्तर, उत्तराची तारीख. हा तक्ता नसला आणि मधेच भावाचं नाव बदललंत, की तीन महिन्यांनी कुणाच्या हातात भावाचं नाव रवी आहे आणि कुणाच्या हातात निखिल, हे तुम्हालाच सांगता येणार नाही.

मग प्रसंगांची यादी. कादंबरी पुन्हा लिहायला न घेता आहे तशी सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचा आणि प्रत्येक प्रसंगासाठी एक ओळ भरा. चार रकाने पुरतात: ताराला या क्षणी काय हवं आहे, ती त्यासाठी काय करते, प्रसंगाअखेर काय बदललं, शब्दसंख्या. दुसरा रकाना जिथे कोरा राहील तिथे लाल खूण करा. एक-दोन कोरे रकाने चालतात, वाचकालाही दम खायला हवा. सलग चार-पाच आले की ताण सुटतो.

पानांचा हिशेबही मांडून पाहा. एजंटांना पाठवायच्या नेहमीच्या मांडणीत, म्हणजे बारा पॉइंटचा टाइप, दुप्पट अंतर, चारी बाजूंना एक इंच समास, एका पानावर साधारण २५० शब्द बसतात. १,०८,००० शब्दांची ४३२ पानं झाली. १२०वं पान म्हणजे ३०,०००वा शब्द, कादंबरीचा पाव भाग उलटून थोडं पुढे. अगदी इथेच पुष्कळ कादंबऱ्या बसकण मारतात. सुरुवातीचा प्रश्न (रवी कुठे गेला?) मांडून झालेला असतो, शेवट लेखकाला माहीत असतो, आणि मधे माहितीचे तुकडे योग्य क्रमाने वाचकापर्यंत पोचवणं एवढंच काम उरल्यासारखं वाटतं. मग प्रसंग माहिती आणून देणाऱ्या टपालासारखे येत राहतात.

त्यामुळे दुरुस्ती १२०व्या पानावर सुरू करू नका. ऐंशीव्या पानापासून बघत या. तारा भावाला शोधायचं ठरवते तो क्षण कुठे आहे? त्या निर्णयापायी तिने काय पणाला लावलं आहे? शोध सोडून दिला तर तिचं काय बिघडतं? ही उत्तरं पानावर नसतील, तर पुढे कितीही धावपळ घातली तरी ती वरवरची राहते. लक्षण एका जागी दिसतं आणि मूळ चाळीस पानं मागे असतं, हे पुनर्लेखनात वारंवार होतं.

आता ते कपाट घेऊ. सध्या ताराला पत्र सापडतं. वाचक ते तिच्यासोबत वाचतो, माहिती मिळते, प्रसंग संपतो. त्याऐवजी असं करून बघा: तारा आधी आईला सरळ विचारते की रवीने जाण्याआधी काही लिहून ठेवलं होतं का. आई नाही म्हणते, आणि म्हणताना कपाटाकडे बघायचं टाळते. रात्री आई झोपल्यावर तारा तिच्या उशाखालची किल्ली काढते. पत्र तेच, मजकूरही तोच, त्यातला शब्दही बदलायला नको. पण सकाळी आईला किल्ली जागच्या जागी दिसत नाही. आता त्या पत्राला किंमत पडली. आई बोलायची थांबते. घरातला एकमेव साक्षीदार ताराने स्वतःच्या हाताने गमावला, म्हणून तिला बाहेरचा माणूस शोधणं भाग आहे. आणि रवीचा मित्र तिला ‘भेटत’ नाही, ती त्याला गाठते. एका प्रसंगाच्या पोटातून दुसरा निघाला. दोन प्रसंगांमधला ‘आणि मग’ काढून तिथे ‘म्हणून’ किंवा ‘पण’ बसतो का, हे यादीवर बोट फिरवत तपासा. जिथे ‘आणि मग’खेरीज काहीच बसत नाही, तो सांधा ढिला आहे.

एक सावधगिरी मात्र बाळगा. नायिका निष्क्रिय आहे असं ऐकलं की लेखक घाईघाईने पाठलाग, भांडणं, अपघात घालतात. निष्क्रिय असणं वेगळं आणि शांत असणं वेगळं. तारा एखाद्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाकारते, दार उघडत नाही, पत्र जाळून टाकते, हेही निर्णयच आहेत. तुमच्या भाषेचं कौतुक झालं आहे, ती ज्या संथपणातून येते तो मोडू नका.

लांबीचंही बघून घ्या. पहिल्या कादंबरीसाठी ८०,००० ते १,००,००० शब्द ही सर्वसाधारण अपेक्षा असते; नवं जग उभं करावं लागणाऱ्या अद्भुत कादंबऱ्यांना १,२०,०००पर्यंत मोकळीक मिळते. तुमची कादंबरी त्यातली नाही, म्हणून दहा हजार शब्द कमी झाले तर क्वेरी लेटरमधला आकडाच तुमच्या बाजूने बोलेल. दर पानावर वीस शब्द छाटले तरी ८,६४० शब्द होतात. पण हे काम शेवटी. आधी अख्खे प्रसंग पाहा. मित्राच्या तीन भेटी असतील आणि प्रत्येकीत कर्जाबद्दल थोडंथोडं कळत असेल, तर दोन भेटी एक करा. विशेषणं छाटून ढिला मधला भाग घट्ट होत नाही. तो तेवढाच ढिला राहतो, फक्त लवकर संपतो.

क्रम पाळा: आधी बांधणी, मग प्रसंग, मग वाक्यं, मग शुद्धलेखन. बांधणी चालू असताना वाक्यं घासत बसलात, तर जो प्रसंग उद्या काढायचा आहे त्याच्यावर आज जीव जडतो आणि तो निघत नाही. तसंच, एका बदलाचे पडसाद दहा ठिकाणी उमटतात. पत्र मिळण्याची पद्धत बदलली की त्यानंतर आई आणि तारा जिथे जिथे बोलतात ते सगळे संवाद बदलतात. प्रत्येक वेळी मागेपुढे पळू नका. एका कागदावर ‘पडसाद’ अशी यादी ठेवा, त्यात नोंद करा आणि नवा बदल आधीपासूनच होता असं धरून पुढे लिहीत चला. शेवटी यादी घेऊन एक फेरी.

नावं बदलणार असाल तर एकदम सगळीकडे बदलण्याची आज्ञा डोळे झाकून देऊ नका. ‘रवी’चं ‘निखिल’ करताना ‘ग्रॅव्हिटी’च्या इंग्रजी स्पेलिंगच्या पोटात बसलेला रवीही निखिल होतो. पूर्ण शब्दच शोधण्याची खूण करा, लहान-मोठी अक्षरं जुळवण्याचीही करा, आणि एकेक बदल बघून मान्य करा.

या सगळ्याला सहा ते आठ आठवडे धरा. दोन आठवड्यांत झालं असं वाटलं, तर बहुधा बांधणीला हात लागलेला नाही. त्यानंतर फाइल दोन आठवडे बंद. मग पूर्ण कादंबरी मोठ्याने वाचा किंवा संगणकाकडून वाचून घ्या. जुन्या आणि नव्या पानांचे सांधे डोळ्यांना दिसत नाहीत, कानाला लगेच कळतात: एका पानावर तारा तीन ओळींत विचार करते आणि पुढच्या पानावर अर्ध्या वाक्यात.

आता ते दोन एजंट. ‘मी सध्या पुनर्लेखन करते आहे’ असं आज कळवलंत, तर ते हातातली प्रत बाजूला ठेवतील आणि जी अजून अस्तित्वातच नाही तिची वाट पाहतील. न कळवता कामाला लागा. पूर्ण हस्तलिखितावर उत्तर यायला तीन ते सहा महिने लागणं नेहमीचं आहे, कधी त्याहून जास्त. तुमचं काम संपेपर्यंत त्यांचं उत्तर आलं नसेल, तर प्रत्येकाला एकदाच लिहा, आणि काहीही न जोडता. साधारण असं:

‘नमस्कार. आपण अमुक तारखेला माझ्या कादंबरीचं पूर्ण हस्तलिखित मागवलं होतं. दरम्यान मी मधला भाग नव्याने बांधला आहे: आता कथानक ताराच्या निर्णयांमधून पुढे जातं, आणि लांबी १,०८,०००वरून ९८,००० शब्दांवर आली आहे. आपण वाचायला सुरुवात केली नसेल, तर नवी प्रत पाठवू का? वाचन सुरू झालं असेल, तर हातातली प्रतच पुढे वाचावी.’

एवढंच. क्षमायाचना नको, जुनी प्रत किती वाईट होती याचं वर्णन नको, कुणी नकार दिला तेही सांगायला नको. ‘पाठवा’ असं उत्तर आलं की त्याच दिवशी पाठवा. ही सवलत एका एजंटापाशी एकदाच वापरता येते. दुसऱ्यांदा असं पत्र गेलं की त्यांना वाटतं, या लेखिकेचं पुस्तक अजून तयार नाही, आणि ते वाटणं बरोबर असतं. टायपातल्या चुका किंवा चार वाक्यांची सफाई यासाठी तर ही सवलत मुळीच खर्चू नका. तुमच्या फाइलमध्ये सुधारा आणि पुढच्या खेपेला आपोआप जाऊ द्या.

आणि त्या दोघांपैकी कुणी जुनीच प्रत वाचून होकार दिला तर? घाबरू नका. बरेच एजंट प्रकाशकाकडे जाण्याआधी लेखकासोबत पुनर्लेखनाची एखादी फेरी करतातच. बोलणं होईल तेव्हा तुमची योजना सांगा, त्यांचं मत विचारा. हस्तलिखित ज्यांच्याकडे आहे त्या इतरांना होकाराची बातमी देऊन उत्तरासाठी दोन आठवड्यांची मुदत देण्याचा रिवाज आहे, तो पाळा. एजंटाचा मोबदला पुस्तक विकलं गेल्यावर मिळकतीतून कापला जातो, देशांतर्गत व्यवहारात सहसा १५ टक्के आणि परदेशी हक्कांवर २०. वाचनासाठी किंवा ‘आधी आमच्याकडून संपादन करून घ्या’ म्हणून जो पैसे मागतो, त्याच्याशी पत्रव्यवहार तिथेच थांबवा.

जिने सविस्तर लिहिलं तिचं पत्र पुन्हा नीट वाचा. ‘बदल केल्यास पुन्हा बघायला आवडेल’ अशा अर्थाचं वाक्य आहे का? असेल तर ते आमंत्रण आहे, आणि नवी प्रत सगळ्यात आधी तिच्याकडे जायला हवी. त्या काळात इतरांना दाखवू नका अशी अट तिने घातली, तर मुदत ठरवून घ्या, दोन ते चार आठवडे पुरेत, आणि प्रत आधीच दोघांकडे आहे हे तिला स्पष्ट सांगा. तसं वाक्य नसेल तर तो नकारच आहे. तरी पूर्ण कादंबरी वाचून तिने नेमकं काही सांगितलं, तेव्हा काम संपल्यावर तीन ओळींत आभार मानून ‘नवी प्रत बघाल का’ असं विचारायला हरकत नाही. साचेबद्ध नकार देणाऱ्या आठ जणांना मात्र हेच पुस्तक पुन्हा पाठवू नका.

राहिले ते तीन मूक एजंट. त्यांच्या सूचना वाचा. काही जण ‘इतक्या आठवड्यांत उत्तर नाही म्हणजे नकार’ असं लिहूनच ठेवतात. तसं नसेल आणि त्यांनी दिलेली मुदत उलटली असेल, तर एकदा विचारा, मग सोडून द्या.

नवी खेप पाच ते सात जणांची असू द्या. एका पुस्तकासाठी एका एजंटाकडे एकच संधी मिळते, आणि काही एजन्सींमध्ये एकाचा नकार हा सगळ्यांचा नकार मानतात, तेव्हा न वापरलेली नावं जपून खर्चायची असतात. पाठवायच्या आदल्या दिवशी हे बघा: फेरफारांच्या खुणा आणि समासातले शेरे फाइलमधून पूर्ण काढलेत का (दुसऱ्या संगणकावर उघडून खात्री करा), क्वेरी लेटरमधली शब्दसंख्या नव्या प्रतीची आहे का, कथासार नव्या कथानकाचं आहे का, प्रकरणांचे क्रमांक सलग आहेत का. कथासारात तारा पत्र अपघाताने शोधते आणि कादंबरीत किल्ली चोरते, ही विसंगती सगळ्यात जास्त वेळा राहून जाते, कारण कथासार पुन्हा लिहायचा सगळ्यांनाच कंटाळा असतो.

मग सहा-आठ आठवडे थांबा. या काळात हस्तलिखितात बदल करायचा तो एकाच कारणाने: एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन जणांनी पूर्ण कादंबरी वाचून एकाच जागेवर बोट ठेवलं तर. एकाला शेवट घाईचा वाटला आणि दुसऱ्याला लांबलेला, तर शेवट आहे तसाच ठेवा. नुसत्या क्वेरीवरच नकार आले, तर क्वेरी लेटर बदला, कादंबरी नाही.

आणि ते पहिलं प्रकरण. त्या तिघांनी ज्या प्रतीवरून कादंबरी मागवली, ती परत जागेवर ठेवा. नंतरच्या प्रयत्नांतली आवडती वाक्यं वेगळ्या फाइलमध्ये जपा. मधला भाग उभा राहिल्यावर, सगळ्यात शेवटी, ते प्रकरण एकदा उघडा आणि एकच बघा: किल्ली चोरणारी तारा त्या पानांवर आधीपासून दिसते का? दिसत नसेल तर तेवढ्यापुरती दोन-चार वाक्यं घाला, आणि फाइल बंद करा.